झाडूच्या दांड्यावरची दुर्बीण

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी थोरल्याने मला एक फोटो पाठवला. दुकानाची अख्खी भिंत रायफलींनी भरलेली, खाली काचेच्या कपाटात दुर्बिणींची रांग. मित्राच्या घरच्या कुरणात बिळे करणाऱ्या खारींचा सुळसुळाट झाला आहे, पुढच्या महिन्यात त्या मारायला तुला बोलावले आहे, आणि फोटोखाली तू लिहिले होतेस, "आजी, यातली कुठली घेऊ? दुर्बीण किती पटीची?" पुढे हसणारे चार पिवळे चेहरे. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे विचारणे म्हणजे मोठा विनोद, अशी तुझी समजूत दिसली.

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण ते फोनवर मावणारे नाही. शिवाय ते माझे नाही. ते धुळ्याच्या एका माणसाचे आहे, आणि तो माणूस जाऊन दोन पावसाळे झाले. तू महिन्याभरात बंदूक हातात घेणार, म्हणून आत्ताच लिहायला बसले. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर तिचे मराठी कच्चे राहिले असे समजून पुढे वाचा.

धुळ्यात त्यांचे बंदुकांचे दुकान होते. परवानाधारक, तीन पिढ्यांचे. सगळे त्यांना नाना म्हणत. घराणे मूळचे राजस्थानातले, जैन. नाना सूर्यास्तानंतर जेवत नसत, कांदा-लसूण-बटाटा खात नसत, पाणी फडक्याने गाळून पीत, आणि दिवसभर बंदुका विकत. म्हणजे विकत, असे पाटीवर लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते गिऱ्हाईक परत पाठवत. त्यांचा मुलगा मला एकदा हळूच म्हणाला होता, "बाई, आमचे बाबा दुकान चालवत नाहीत, शाळा चालवतात. आणि कोणाला पास करत नाहीत."

शेतकऱ्यांशी ते अहिराणी बोलत, मुलाशी मारवाडी, आणि माझ्यासारख्यांशी पुस्तकी मराठी. पण एखादी गोष्ट त्यांना मनापासून सांगायची असली की समोर कोणीही असो, ते अहिराणीवर येत.

आकाराने नाना मोठे होते. बसले की खुर्ची दिसत नसे. अहिंसा पाळणाऱ्या घरात बंदुकांचे दुकान कसे, असे मी ओळख वाढल्यावर एकदा विचारले. ते म्हणाले, "दुकान आजोबांचं. बंद करायची हिंमत वडिलांना झाली नाही, मलाही नाही. पण माझ्या आईने एक नियम घातला होता. ज्या दिवशी बंदूक विकली जाईल, त्या दिवशी माझ्या ताटात तूप वाढायचं नाही." मग स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाले, "हिशेब डोळ्यांसमोर आहे, बाई. किती तूप खाल्लं बघा."

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. यात माझी शोभा होणार आहे, तर ती माझ्याच हाताने झालेली बरी.

तुमचे आजोबा गेल्यावर शिंदखेडा तालुक्यातली शेती माझ्या नावावर आली. मी जळगावात राहणारी. गाडीने नरडाण्याला उतरायचे, तिथून रिक्षा, आणि बांधावर उभे राहून चपलांची माती झटकायची, एवढाच माझा शेतीचा अभ्यास. शेजारचे शेत माझ्या दिरांचे, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांचे. त्यांना तुम्ही लहानपणी पाहिले आहे. तुम्हाला बैलगाडीत बसवून गावभर फिरवणारे ते. दोन वर्षे ओळीने माझा मका रानडुकरांनी झोपवला. डुक्कर कणीस तोडून खात नाही, ताट आडवे करते आणि मग निवडून खाते. खाण्यापेक्षा नासाडी जास्त. दोन्ही वर्षी दीर म्हणाले, "वहिनी, बटाईले दी टाका." म्हणजे जमीन आपली, कसणार दुसरा, आणि पीक वाटून घ्यायचे. ज्या जमिनीत तुमच्या आजोबांनी स्वतः विहीर खणून घेतली, तिथे मी वाटेकरी होऊन जायचे, हे मला सोसणारे नव्हते. शिवाय मला एक शंका होती, आणि ती मी मनात ठेवली नाही, फायलीत लिहून ठेवली. माझ्या "शेती" नावाच्या फायलीत रंगीत खुणा लावलेले सहा भाग होते. सहाव्या भागाचे शीर्षक होते "भाऊजींचा हेतू". बटाईने घेणारा माणूस तेच शोधणार, मग हळूहळू जमीन त्यांच्याकडे जाणार, असे त्यात मुद्देसूद मांडले होते.

तिसऱ्या वर्षी रब्बीचा मका पेरताना मी दिरांना सांगून टाकले, "हे पीक मला राखता आलं नाही तर देईन बटाईने. राखलं तर पुन्हा विषय काढायचा नाही." ते नुसते मान हलवून गेले. मी घरी आले आणि फायलीत सातवा भाग उघडला: "बंदूक".

पीक संरक्षणासाठी परवाना मिळतो. त्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात. आमच्याकडे आलेला हवालदार अगदी तरुण होता. पासष्टी उलटलेल्या बाईने बंदूक मागावी याचे त्याला कोडे पडले असावे. त्याने घर पाहिले, चहा घेतला, आणि शेवटी वही मिटत फार नम्रपणे विचारले, "मावशी, घरात सून नांदते का?" मला एक मुलगीच आहे आणि ती परदेशात आहे हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. परवाना मिळाला.

परवाना येईपर्यंत मी वाचन केले. हेच माझे चुकले. मला कोणतीही गोष्ट इंग्रजीत वाचल्याशिवाय खरी वाटत नाही. तुमच्याकडच्या शिकारी लोकांनी पिकांची नासाडी करणाऱ्या छोट्या प्राण्यांवर लिहिलेले लेखच्या लेख मी छापून काढले, अधोरेखित केले, तक्ते बनवले. तीनशे यार्डांवर वाऱ्याने गोळी किती सरकते हे मला तोंडपाठ झाले. कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणींना मी चहाच्या वेळी पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम का सरकतो ते, समजावून सांगितला. त्या नंतर बरेच दिवस चहाला आल्या नाहीत. आणि मग मी घरबसल्या एक दुर्बीण मागवली: सहा ते चोवीस पट मोठे दाखवणारी, पुढची काच पन्नास मिलिमीटर. लेखकांचे त्यावर एकमत होते. ते सगळे लेखक उघड्या माळावर बसणारे होते आणि माझे शेत म्हणजे डोक्यापेक्षा उंच मक्याची भिंत होती, हे मात्र कुठल्याही तक्त्यात आले नाही.

दुर्बीण लोकरीच्या शालीत गुंडाळून मी नानांच्या दुकानात गेले. त्यांनी आधी पाणी दिले, मग विचारले, "बोला, काय मारायचंय?" गिऱ्हाईकाला ते त्याच्या प्राण्यावरून ओळखत. माझ्याआधी बाकावर नीलगायींनी गांजलेले एक "रोहीवाले आबा" बसले होते आणि एक "माकडवाले" नुकतेच निराश होऊन गेले होते, कारण माकडाला बंदूक मिळणार नाही असे नानांनी सांगितले होते. मी "डुक्करवाल्या बाई" झाले. आयुष्यभर विभागप्रमुख म्हणवून घेतल्यावर ही पदवी जरा जड गेली.

मी शाल सोडली. नानांनी दुर्बीण पाहिली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा दुर्बिणीकडे पाहिले.

"चष्मा आधी घेऊन आलात, बाई. नाक कधी आणणार?"

बाकावरचे रोहीवाले आबा खो खो हसले. मी फाईल उघडली आणि बावीस नंबरच्या रायफलीचा तक्ता पुढे केला. नानांनी तो उलटा धरला की सुलटा हे मला आजही सांगता येणार नाही.

"पॉइंट टू-टू? डुकराला? बाई, ते डुकराला मारणं नाही, चिडवणं आहे. जखमी होऊन उसात जाईल आणि चार दिवस मरेल. ते पाप तुम्ही घेणार की मी?"

"मग थ्री-फिफ्टीन," मी दुसरा तक्ता काढला.

"तुमचं शेत कुठे?"

मी सांगितले.

"त्या रायफलीची गोळी तुमच्या मक्यातून निघेल, डुक्कर लागलं तर ठीक, नाही लागलं तर नरडाणा स्टेशनावर जाऊन तिकीट काढेल. तिथे माणसं उभी असतात." मग त्यांनी दुर्बीण उचलली. काचेवर माझ्या बोटाचा ठसा होता. खिशातून जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा काढून त्यांनी तो हलक्या हाताने पुसला. काच पुसायला जुने धोतरच पाहिजे, नवीन कापडाने चरे पडतात, हा त्यांचा सिद्धान्त. "पन्नासला चोवीसने भागा."

मी इंग्रजीची असले तरी एवढे मला येते. "दोन. थोडं जास्त."

"दोन मिलिमीटर उजेड डोळ्यात येणार. पहाटे तरण्या माणसाची बाहुली सहा-सातपर्यंत उघडते, तुमची पाचपर्यंत उघडेल. तिला तुम्ही दोनचा घास देणार. मग काय दिसणार? अंधारच, पण चोवीस पट मोठा." त्यांनी पट बदलायचे कडे फिरवून सहावर आणले. "आता आठ. इथेच ठेवा. हे कडं विसरून जा."

शेवटी त्यांचा निकाल असा की मक्यात बसून, तीस-चाळीस पावलांवर, दोन नळ्यांची बारा बोअर पुरे. तिला दुर्बीण लागतच नाही, नळीच्या टोकाला मणी असतो, तेवढा बस. मी म्हटले, ठीक, ती द्या. परवाना माझ्या पर्समध्ये होता.

नानांनी उठून कोपऱ्यातून झाडू आणला. झाडूचा पुढचा भाग काढून ठेवला आणि दांडा माझ्या हातात दिला. समोर, रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानात भिंतीवरचे घड्याळ होते. "खांद्याला लावा. घड्याळाच्या बरोबर मधोमध धरा. दहा मिनिटं."

हे ते सगळ्यांनाच करायला लावत. एकदा म्हणे कोणा बड्या घरचा मुलगा लग्नात मिरवायला रायफल हवी म्हणून चार मित्रांसह आला होता. नानांनी त्याला दांडा दिला. चौथ्या मिनिटाला त्याचा हात थरथरला, सहाव्या मिनिटाला मित्र हसू लागले, सातव्या मिनिटाला तो दांडा टाकून निघून गेला. नानांच्या मुलाने कपाळावर हात मारला. नानांनी त्या दिवशी तूप खाल्ले असणार.

मी दहा मिनिटे धरला. छत्तीस वर्षे फळ्यावर हात वर करून लिहिलेले कुठेतरी कामाला आले. मला वाटले, झाले.

"आता तीन पहाटा," नाना म्हणाले. "मी तुमच्या शेतावर येतो. बंदूक आणणार नाही. तुमचा हा चष्मा आणायचा."

पहिल्यांदा बंदूक घेणाऱ्याच्या शेतात तीन पहाटा बसल्याशिवाय ते बंदूक देत नसत. दुर्बीण झाडूच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायची. प्राणी दिसला, नेम बसला, की तोंडाने हळूच "ठो" म्हणायचे. एकदा "ठो" म्हटले की गोळी सुटली, परत घेता येत नाही. मग लगेच वहीत लिहायचे: काय पाहिले, किती पावलांवर, आणि त्याच्या मागे काय होते. हा शेवटचा प्रश्न ते नेहमी अहिराणीत विचारत. "मांगे काय शे?" नेम कोणीही धरतो, ते म्हणत. प्राणी सगळ्यांनाच दिसतो. गोळी प्राण्यापाशी थांबेल असे मात्र कोणीही धरून चालू नये.

तर फेब्रुवारीच्या एका थंडीत तो भला मोठा माणूस डबा, गाळलेल्या पाण्याची बाटली आणि कानटोपी घेऊन आमच्या शेतावर, गड्याच्या खोपटात मुक्कामाला आला. दिरांना मी काही सांगितले नाही. माझे पीक, माझी बंदूक, त्यांना कशाला कळायला हवे? गडी आणि त्याची बायको यांनी खालून ढकलून आणि मी वरून ओढून नानांना माळ्यावर चढवले. चार खांबांवर फळ्या टाकलेला तो माळा त्यांच्या वजनाने असा करकरला की त्या पहाटे पंचक्रोशीतले एकही डुक्कर आले नाही. शिवाय मी हट्टाने कडे चोवीसवर नेले होते. मला मक्याचे एक पान दिसले. फार सुंदर दिसले, दव आणि लव यांच्यासकट. वहीत मी लिहिले: "काही नाही." नानांनी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी डुकरे आली. एक मोठी मादी आणि मागे सहा पिल्ले, मक्यातून निघून मोकळ्या पट्ट्यात. मादी थांबली. मी म्हटले, "ठो."

"मांगे काय शे?" नाना कुजबुजले.

मी दुर्बिणीतून डोळा काढला. पट्ट्याच्या पलीकडे कच्चा रस्ता होता आणि त्यावरून दूधवाला मोटारसायकलला कॅन लटकवून संथपणे चालला होता. मी लिहिले. "मागे: रस्ता, दूधवाला." नानांनी विचारले, "त्याला किती मुलं?" मला ठाऊक नव्हते. "मग चौकशी करून ठेवा," म्हणाले आणि सूर्य वर आल्यावर खाकरा खाऊ लागले.

मला राग आला. तो दूधवाला कुठे मरणार होता, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या पहाटे चुकायचे नाही, एवढे मी ठरवले. वर्गात पहिला नंबर सोडायची मला सवय नव्हती, आणि पीक राखायचे तर ही बंदूक हवीच होती. आठवड्यात कणसे भरणार होती.

तिसरी पहाट. फटफटले होते, पण सगळे अजून राखाडी. थंडी अशी की दांडा हाताला चिकटत होता. दक्षिणेच्या बांधाशी, मक्याच्या ओळी संपतात तिथे, मला काळे काहीतरी दिसले. मी कडे सहावर ठेवले होते. दोन्ही कोपर फळीवर टेकवले. जमिनीलगत एक काळी पाठ, केसाळ, वर-खाली होणारी. एकटेच. नर असणार, कारण मादी पिल्लांबरोबर असते, हे मी वाचले होते. ते मान खाली घालून काहीतरी उकरत होते. मी त्याच्या मागे पाहिले. मुद्दाम, नीट पाहिले. मागे बांधाची मातीची भिंत, छातीइतकी उंच. रस्ता नाही, दूधवाला नाही. सगळे बरोबर. मी श्वास अर्धा सोडून धरला, जसे वाचले होते तसे.

"ठो."

मी नानांकडे न बघता वही ओढली आणि माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिले: "रानडुक्कर. नर. एकटा, भरदार. चाळीस पावले. मागे: मातीचा बांध. सुरक्षित." "सुरक्षित" या शब्दाखाली रेघ मारली. मग पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला, मेलेले डुक्कर कसे पडले असते ते पाहायला.

माझ्या डुकराने बिडी पेटवली.

काडीच्या उजेडात मला नाक दिसले, पांढऱ्या मिशा दिसल्या. डुक्कर खोकले, कमरेवर हात ठेवून हळूहळू उभे राहिले, आणि अंगावरची काळी घोंगडी सारखी करून दोन पावले पुढे जाऊन पुन्हा बसले. ते माझे दीर होते.

नाना माझ्या कानाशी बोलले, अगदी मनापासून. "बाई, तुमना नेम चांगला शे. दांडा इतलासा बी हालना नही."

त्यांनी हे टोमण्याने म्हटले असते तर बरे झाले असते. ते खरेच कौतुक करत होते. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केव्हाच ओळखले होते की तो माणूस आहे, कारण ते काय दिसते ते पाहत होते आणि मी काय हवे ते पाहत होते. दांडा फळीवर ठेवताना तो खाली पडला आणि आवाजाने दीर वळले.

"कोन शे रे माळावर?"

"मी आहे, भाऊजी."

"वहिनी? इतल्या सकायले? आनि हाई कोन, मंडपवाला का?" हे अख्खा माळा व्यापून बसलेल्या नानांना उद्देशून होते.

मी खाली उतरले. त्यांच्या हातात जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या. आमच्याकडे डुकरांना बुजवायला शेताभोवती काठ्या रोवून लुगडी बांधतात. वाऱ्याने ती हलली की डुकरे बिचकतात. रात्रीतून गाठी सुटतात, लुगडी पडतात. माझ्या शेताच्या कडेची लुगडी नेहमी जागेवर असत, आणि ती आपोआप जागेवर राहतात अशी माझी तीन वर्षे समजूत होती.

"तुम्ही रोज येता?"

"रोज. काल तिकडली कड, आज हाई."

"मला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही इचारं नही, मी सांगं नही." त्यांनी गुडघ्यावर हात आपटला. "दोन शेतं आते नही व्हत. मना गुडघा ऱ्हायनात नही. म्हनीसन सांगं बटाईले द्या, बटाईवाला तरी राखी." राखी म्हणजे राखेल.

माझ्या फायलीतला सहावा भाग सोळा पानांचा होता.

नानांना खाली उतरवायला अर्धा तास लागला, आणि त्यात दिरांचाही हात लागला. चहा झाला. नानांनी स्वतःचे पाणी प्यायले आणि वही माझ्यासमोर ठेवली. "सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या दुकानाचा त्यात काही नियम नाही." मी वही दिरांपुढे सरकवली. त्यांनी ओठ हलवत, एकेक अक्षर लावून वाचले. "भरदार" शब्दाशी थांबून स्वतःच्या पोटाकडे पाहिले.

"मी डुक्कर दिसनू का तुम्हले?"

माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि ते थांबेना.

"ओ वहिनी," ते घाबरून म्हणाले, "रडू नका. अंतर चुकनं तुमनं. चाळीस नही, तीस पावलं शेत." मग हसायला लागले, हसता हसता खोकू लागले. चहा गार झाला तरी कप हातातच होता. नाना उठले, त्यांनी धोतराच्या तुकड्याने माझी दुर्बीण पुसली आणि शालीत गुंडाळून दिली.

बंदूक द्यायला ते नाही म्हणाले नाहीत. "पुढच्या हंगामात पुन्हा तीन पहाटा बसू. तुम्ही शिकाल," एवढेच म्हणाले. मी गेले नाही. परवाना मुदत संपेपर्यंत पर्समध्ये होता. त्या रब्बीला मी जळगाव सोडून दीड महिना गावी राहिले. दिरांनी उत्तरेची कड घेतली, मी दक्षिणेची. मी गाठी बांधायला शिकले, डबे वाजवायला शिकले, आणि उंच आवाजात ओरडायला तर मला शिकावे लागलेच नाही. दिरांनी काळी घोंगडी टाकून माझा जुना केशरी स्वेटर घातला. तो त्यांना पोटावर आखूड होतो. मका सगळा वाचला असे म्हणणार नाही. चौथा हिस्सा गेला. बटाईचा विषय कोणी काढला नाही.

त्यानंतर धुळ्याला गेले की मी नानांना भेटत असे. पर्युषणात आठ दिवस त्यांचे दुकान बंद असे आणि बंदुकांवर पांढरी चादर घातलेली असे. "त्यांनाही उपास," म्हणत. नव्या गिऱ्हाइकांना ते माझी ओळख करून देत, "या इंग्रजीच्या बाई. नेम फार चांगला." पुढचे कधीच सांगत नसत. ते मला सांगायला लावत, आणि मी सांगत असे. शाळाच होती ती, मुलगा म्हणाला ते खरे.

तर थोरल्या, तुझे उत्तर. तुझी जागा मोकळी, प्राणी लहान, अंतर लांब, तेव्हा लहान नंबरची, खांद्याला कमी धक्का देणारी रायफल तुला चालेल आणि जास्त पटीची दुर्बीणही. दुपारी जमिनीवरून उष्णतेच्या लाटा दिसू लागल्या की पट कमी कर. पुढच्या काचेच्या आकड्याला पटीने भागून बघ. दुकानदार तुझ्या कुरणाबद्दल काही न विचारता रायफल द्यायला निघाला तर दुसरे दुकान पाहा. आणि आधी तीन पहाटा काठी घेऊन बस. मित्र हसतील. वहीत लिही, सही त्या कुरणाच्या मालकाची घे, आणि वहीची पाने फोटो काढून मला पाठव. मी तपासेन. धाकटे, तू त्याच्याबरोबर गेलीस तर उजळ रंगाचे कपडे घाल आणि तो काठी धरून बसला असेल त्या बाजूला फिरकू नकोस.

नाना नाहीत. दुकान त्यांचा मुलगा चालवतो, आणि तो पहिल्या गिऱ्हाइकाला अजून शेतावर घेऊन जातो. आपली जमीन आपल्याकडे आहे, मका उभा आहे, डुकरे येतात. तुमचे धाकटे आजोबा जिवंत आहेत.